खडकीच्या जवानांबरोबर बास्केटबॉल : एका महाविद्यालयीन निधिसंकलनाची हकिकत

युद्धात किंवा सेवेत असताना जायबंदी झालेल्या सैनिकांसाठी एखाद्या महाविद्यालयाने क्रीडास्पर्धा घेऊन निधी उभारायचे ठरवले, तर पहिले पत्र कोणाला लिहायचे, पैसे कोणाच्या खात्यात घ्यायचे आणि पाहुणे चाकाच्या खुर्चीवरून येणार असतील तर मैदानाचे काय करायचे, याची सलग माहिती आम्हाला कोठेही मिळाली नाही. मी पुण्यातील एका महाविद्यालयात शारीरिक शिक्षण विभाग सांभाळते. सप्टेंबर २०२४ मध्ये सुरू झालेले आमचे हे काम फेब्रुवारी २०२५ मध्ये मैदानावर पार पडले आणि त्याचा शेवटचा कागद जूनमध्ये हाती आला. आमच्यासारख्याच विचारात असलेल्या शिक्षकांना आणि विद्यार्थ्यांना उपयोग व्हावा, म्हणून ते क्रमाने लिहून ठेवत आहे.

कल्पना माझी नव्हती, आमच्या बास्केटबॉल संघाची होती. ६ सप्टेंबर २०२४ च्या रात्री पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये होकाटो होतोझे सेमा यांनी बसून फेक करणाऱ्यांच्या एफ-५७ गटात १४.६५ मीटर गोळाफेक करून कांस्यपदक मिळवले. नागालँडचे हे सैनिक. २००२ मध्ये जम्मू-काश्मीरमध्ये भूसुरुंगाच्या स्फोटात त्यांनी पाय गमावला. त्यांचा सराव खडकीच्या बॉम्बे इंजिनिअर ग्रुपच्या आवारातील सैन्याच्या पॅरालिम्पिक केंद्रात होतो, हे कळल्यावर मुलांना फार नवल वाटले, कारण त्या आवारावरून त्यांच्यापैकी अनेक जण रोज बसने जातात. पुण्याचे हे नाते जुने आहे. अपंग सैनिकांना व्यवसायशिक्षण देणारी क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट १९१७ मध्ये मुंबईत सुरू झाली आणि पुढे खडकीत आली, कृत्रिम अवयव केंद्र पुण्यात १९४४ मध्ये उभे राहिले आणि पाठीचा कणा दुखावल्याने कमरेखाली किंवा मानेखाली लुळे पडलेल्या जवानांसाठीचे पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर खडकीतच १९७४ मध्ये सुरू झाले. सांगली जिल्ह्यातील पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जखमी झाले आणि १९७२ मध्ये हायडेलबर्ग येथे ५० मीटर पोहण्यात सुवर्णपदक जिंकून आले, हे मी वर्गात दरवर्षी सांगते. यंदा प्रथमच मुलांनी ते स्वतःहून विचारले.

संघाची पहिली योजना साधी होती : आंतरमहाविद्यालयीन बास्केटबॉल स्पर्धा घ्यायची, चौकाचौकांत पेट्या घेऊन उभे राहायचे, जमलेली रक्कम एखाद्या जखमी सैनिकाच्या हाती द्यायची आणि फोटो काढायचा. यातले स्पर्धा तेवढी शिल्लक राहिली.

पैसे कोठे द्यायचे, हा प्रश्न आम्ही आधी सोडवला आणि त्याला बराच वेळ दिला. ७ डिसेंबरचा सशस्त्र सेना ध्वजदिन १९४९ पासून पाळला जातो आणि त्या निमित्ताने जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत महाविद्यालयांतून निधी जमा होतोच; तो मार्ग सर्वांत सरळ आहे आणि ज्यांना स्वतंत्र कार्यक्रमाचा व्याप झेपणार नाही त्यांनी तोच घ्यावा. एकट्या व्यक्तीला रक्कम देण्याचा विचार आम्ही सोडून दिला. जखमी सैनिकाला अपंगत्वाचे किंवा युद्धातील दुखापतीचे निवृत्तिवेतन असते, माजी सैनिकांसाठी वैद्यकीय योजनाही असते. त्यामुळे कोणाला किती कमी पडते हे ठरवण्याचा आम्हाला अधिकार नव्हता आणि ज्ञानही नव्हते. उरला तो संस्थेचा मार्ग. खडकीच्या पॅराप्लेजिक केंद्राला केंद्रीय सैनिक बोर्डाकडून अनुदान मिळते. तरीही आयुष्यभर चालणाऱ्या शुश्रूषेला, साधनांना आणि खेळाला देणगी उपयोगी पडते, आणि तेथे व्हीलचेअर बास्केटबॉल खेळला जातो, ही आमच्या दृष्टीने निर्णायक बाब ठरली.

सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात प्राचार्यांच्या सहीचे एक पानी पत्र केंद्राकडे पाठवले. त्यात आम्ही कोण, किती विद्यार्थी, काय करू इच्छितो आणि काय विचारायचे आहे, एवढेच लिहिले होते. रकमेचा आकडा मुद्दाम टाकला नाही. भेटीची वेळ मिळायला सुमारे तीन आठवडे लागले. लष्करी परिसरात जाताना येणाऱ्या प्रत्येकाचे नाव आणि ओळखपत्राची माहिती आधी कळवलेली बरी, मूळ ओळखपत्र जवळ ठेवावे आणि विचारल्याशिवाय मोबाईल बाहेर काढू नये. मुलांना हे आदल्या दिवशी सांगून ठेवले, तर फाटकाशी अवघडल्यासारखे होत नाही.

त्या भेटीने योजनेचे स्वरूप बदलले. एक निवृत्त सुभेदार आणि साताऱ्याकडचे एक निवृत्त हवालदार आमच्याशी बोलायला बसले होते. माझ्या विद्यार्थ्याने विद्यार्थी विरुद्ध जवान असा प्रदर्शनीय सामना घेऊ, असे सुचवले. हवालदारसाहेब हसले आणि म्हणाले, "पोरांनो, तुम्ही खुर्चीत बसून आमच्याशी खेळलात तर पाच मिनिटांत सामना संपेल, आणि लोकांना वाटेल आम्ही तुमची गंमत करतोय. त्यापेक्षा मिसळून संघ करा. आणि मॅडम, आमच्यासाठी कोणी हळू खेळायचं नाही, एवढं बघा." सुभेदारसाहेबांनी आणखी दोन गोष्टी सांगितल्या : सत्कार आवरता ठेवा, आणि सामना सकाळी लवकर घ्या. दुसऱ्या सूचनेचे कारण मला ठाऊक असायला हवे तसे होते, पण विद्यार्थ्यांना नव्हते. मज्जारज्जूची दुखापत जितकी वरच्या मणक्याशी, तितका शरीराचा मोठा भाग घाम गाळू शकत नाही. अशा खेळाडूला पुण्याचे फेब्रुवारीतले अकरा वाजताचे ऊनही त्रासदायक ठरू शकते, आणि त्याला स्वतःला ते उशिरा कळते.

ऑक्टोबरमध्ये पैशाचा मार्ग ठरला. आमच्या संस्थेच्या लेखापरीक्षकांनी पहिल्याच बैठकीत पेट्यांना नकार दिला. गणेश मंडळे वर्गणीसाठी धर्मादाय आयुक्तांकडून कलम ४१ क खाली जी तात्पुरती परवानगी घेतात, ती वाट सार्वजनिक ठिकाणी पैसे गोळा करणाऱ्या कोणत्याही हौशी गटाच्या समोर येते. अर्ज, कागदपत्रे आणि नंतर हिशेब हे सारे त्यात आहे. आमची संस्था शिक्षणासाठी नोंदलेली. दुसऱ्या कामासाठी लोकांकडून देणग्या घेऊन त्या पुढे पाठवल्या तर आमच्या हिशेबातही प्रश्न उभे राहिले असते, आणि देणगीदाराला प्राप्तिकराच्या ८०-जी सवलतीची पावती आमच्याकडून त्या कामासाठी देता आली नसती. म्हणून देणगीदाराने रक्कम थेट केंद्राच्या खात्यात भरायची, आम्ही केवळ खाते क्रमांक आणि कार्यालयाचा पत्ता छापलेला कागद द्यायचा, असे ठरले. तो क्रमांक आम्ही संकेतस्थळावरून न उतरवता केंद्राच्या कार्यालयाकडून लेखी मागवला. सैनिकांच्या नावावर खोटी खाती फिरवणारे संदेश आपण सर्वांनी पाहिलेले आहेत, तेव्हा ही काळजी अवश्य घ्यावी. संघांचे प्रवेशशुल्क आणि माजी विद्यार्थ्यांनी स्पर्धेच्या खर्चासाठी दिलेली रक्कम तेवढी महाविद्यालयाच्या खात्यात, त्यातून स्पर्धेचा खर्च, आणि उरलेली रक्कम विश्वस्तांच्या ठरावाने धनादेशाद्वारे केंद्राला, अशी ही व्यवस्था होती. ती महाविद्यालय विकास समितीच्या बैठकीत मांडून इतिवृत्तात नोंदवून घेतली. पुढे कोणीही शंका काढली की त्या इतिवृत्ताची प्रत दाखवता येत असे.

देणगीदारांना सांगायच्या काही गोष्टी कागदावर ठळक छापल्या. दोन हजार रुपयांपेक्षा अधिक रक्कम रोख दिल्यास ८०-जीची सवलत मिळत नाही. पॅन क्रमांक, पूर्ण नाव आणि पत्ता कळवला नाही तर संस्था आपल्या विवरणात देणगीदाराची नोंद करू शकत नाही, आणि नोंद नसेल तर प्रमाणपत्र निघत नाही. नवीन करप्रणाली निवडलेल्यांना ही सवलत मुळातच नाही. हे शेवटचे वाक्य छापू नये, देणग्या घटतील, असे एका सहकाऱ्याचे मत होते. मला ते लपवणे पटले नाही. प्रत्यक्षात किती घटल्या हे कळण्याचा मार्ग नाही, परंतु नंतर कोणी भांडायला आले नाही.

परदेशातील माजी विद्यार्थ्यांचा प्रश्न वेगळाच निघाला. आमच्या १९९० च्या दशकातील बास्केटबॉल संघातील काही जण अमेरिकेत आहेत आणि बातमी कळताच त्यांनी पैसे पाठवण्याची तयारी दाखवली. भारतीय पारपत्र असलेला अनिवासी भारतीय देणगी देऊ शकतो. मात्र ज्याने परदेशी नागरिकत्व घेतले आहे त्याची रक्कम कायद्याच्या दृष्टीने विदेशी अभिदाय ठरते. ती घेणाऱ्या संस्थेकडे त्याची नोंदणी किंवा परवानगी लागते आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर ती स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतील मुख्य शाखेत उघडलेल्या विशेष खात्यातच घ्यावी लागते. मूळचा सदाशिव पेठेतला असला तरी या नियमात फरक पडत नाही. आम्ही भारतीय पारपत्रधारकांपुरतेच आवाहन मर्यादित ठेवले आणि इतरांना कारण देऊन नम्रपणे नकार कळवला. दोघे जण दुखावले, हे नमूद केले पाहिजे.

कंपन्यांचा सामाजिक दायित्व निधी (सीएसआर) मिळवण्याचा प्रयत्नही केला. माजी सैनिकांचे कल्याण हा विषय कंपनी कायद्याच्या सातव्या अनुसूचीत स्पष्टपणे आहे, त्यामुळे दार उघडे असते. परंतु कंपनी लाभार्थी संस्थेची सीएसआर-१ नोंदणी, प्राप्तिकर विभागाची १२-ए व ८०-जीची प्रमाणपत्रे, प्रस्ताव, अंदाजपत्रक आणि नंतर विनियोग प्रमाणपत्र मागते, आणि तिची समिती तिच्या वेळेनुसार बसते. एका कंपनीने सारे कागद घेतले, मैदानावर किती मोठा फलक लावता येईल याची दोनदा चौकशी केली, आणि मार्च उलटून गेला. ज्यांना हा मार्ग घ्यायचा असेल त्यांनी कार्यक्रमाच्या आधी किमान सहा महिने सुरुवात करावी.

तारीख ठरवणे हा सर्वांत कंटाळवाणा भाग होता. ध्वजदिनाच्या सुमारास, म्हणजे ८ डिसेंबरच्या रविवारी स्पर्धा घ्यावी, अशी मुलांची इच्छा होती. १५ ऑक्टोबरला विधानसभेची आचारसंहिता लागली, प्राध्यापकांना निवडणुकीच्या कामाचे आदेश आले, मतदान केंद्रासाठी इमारत द्यावी लागली, आणि २० नोव्हेंबरचे मतदान होईपर्यंत कोणत्याही अर्जाकडे कोणी पाहील अशी आशा उरली नाही. मधे दिवाळी होतीच. १४ जानेवारीचा माजी सैनिक दिन साधावा म्हटले, तर १५ जानेवारी २०२५ चे सेनादिनाचे संचलन नेमके पुण्यात, खडकीच्या बॉम्बे इंजिनिअर ग्रुपच्या मैदानावर होते. त्या पंधरवड्यात खडकीतील कोणालाही काही विचारणे योग्य नव्हते. पुढे २४ जानेवारीपासून बारावीच्या प्रात्यक्षिक परीक्षा आणि ११ फेब्रुवारीपासून लेखी परीक्षा. आमचे महाविद्यालय परीक्षा केंद्र असल्याने हातात एकच रविवार राहिला, तो २ फेब्रुवारीचा. मी तो दिनदर्शिकेवर पेन्सिलीने लिहिला होता आणि जानेवारी संपेपर्यंत शाईने लिहायचे धाडस केले नाही.

परवानग्यांचे म्हणाल, तर स्पर्धा स्वतःच्या आवारात असल्याने त्या मोजक्याच लागल्या. ध्वनिक्षेपकासाठी पोलीस ठाण्याची परवानगी, वाहनतळासाठी वाहतूक शाखेला पत्र, रुग्णवाहिकेसाठी जवळच्या रुग्णालयाशी लेखी बोलणी, आणि विद्यापीठाला माहितीचे पत्र. रस्त्यावरची दौड घेण्याचा प्रस्ताव आमच्यापुढे होता, तो मी याच कारणाने नाकारला. रस्ता आला की विभाग वाढतात. स्वयंसेवकांच्या कामाचे तास राष्ट्रीय सेवा योजनेच्या वार्षिक १२० तासांत धरता येतात, त्यामुळे उपस्थितीपट पहिल्या दिवसापासून ठेवावा.

मैदानाकडे मी स्वतः लक्ष दिले, कारण तेथे चूक झाली असती तर कोणी जखमी झाले असते. आमचे बास्केटबॉलचे मैदान सिमेंटचे आहे आणि दोन पट्ट्यांच्या जोडात बोटभर रुंद भेगा होत्या. धावणाऱ्याला त्या जाणवत नाहीत. खेळाच्या खुर्चीची पुढची चाके मात्र अगदी लहान असतात. ती भेगेत अडकली की खुर्ची थांबते आणि पट्ट्याने बांधलेला खेळाडू खुर्चीसह पुढे पडतो. भेगा भरून घ्यायला आणि रेषा पुन्हा रंगवायला अठरा हजारांच्या आसपास खर्च आला. प्रसाधनगृहाचे दार निदान नव्वद सेंटिमीटर रुंद हवे. आमच्याकडे अपंगांसाठी बांधलेले एक प्रसाधनगृह कागदावर होते आणि प्रत्यक्षात त्यात झाडू, बादल्या आणि जुन्या उत्तरपत्रिका होत्या. ते रिकामे करून आडवे दांडे बसवले. उताराला एकास बारा हे प्रमाण पाळायचे, म्हणजे पंचेचाळीस सेंटिमीटर उंचीच्या व्यासपीठाला जवळजवळ साडेपाच मीटर लांब उतार लागतो. सुताराने अंदाजपत्रक दिल्यावर मी व्यासपीठच रद्द केले. सर्व पाहुणे मैदानाच्या कडेला, एकाच पातळीवर बसले. त्यात प्राचार्य आणि विश्वस्तही आले. शाल आणि श्रीफळ यांवरून थोडा वाद झाला. चाकाची खुर्ची दोन्ही हातांनी ढकलणाऱ्या माणसाच्या मांडीवर नारळ, शाल आणि पुष्पगुच्छ ठेवून आपण त्याला जागच्या जागी अडकवतो, हे समजावून सांगितल्यावर तो मिटला.

सरावासाठी आमचे सहा विद्यार्थी, तीन मुली आणि तीन मुलगे, डिसेंबरच्या मध्यापासून रविवारी खडकीला जात होते. संचलनाच्या काळातले रविवार वगळावे लागले. येथे खेळाबद्दल थोडे सविस्तर लिहिते, कारण असा कार्यक्रम करणाऱ्या बहुतेकांना नियम ठाऊक नसतात. बास्केटची उंची तीच, ३.०५ मीटर, चेंडू तोच, मैदान तेच. चेंडू मांडीवर ठेवून चाकांना दोनदाच रेटा देता येतो, त्यानंतर चेंडू आपटावा, द्यावा किंवा टाकावा लागतो. तिसरा रेटा दिला की चेंडू समोरच्यांचा. खुर्ची खेळाडूचाच भाग मानली जाते, म्हणून खुर्चीला धडक म्हणजे खेळाडूला धडक. बैठकीवरून उठून फायदा घेतला तर तो नियमभंग ठरतो, आणि धडधाकट मुलांचा हाच दोष वारंवार दिसला : चेंडू उंच आला की त्यांचे शरीर आपोआप उठायचे.

खरी गंमत गुणांच्या नियमात आहे. शरीराच्या हालचालीनुसार प्रत्येक खेळाडूला १.० ते ४.५ असे गुण दिलेले असतात. ज्याचा धडावर ताबा नाही त्याला १.०, ज्याला जवळजवळ काहीच अडचण नाही त्याला ४.५, आणि मैदानावरील पाच जणांची बेरीज आंतरराष्ट्रीय नियमानुसार १४ च्या वर जाता कामा नये. आम्ही प्रत्येक संघात तीन जवान आणि दोन विद्यार्थी असे ठरवले आणि विद्यार्थ्यांना ४.५ धरले. दोन विद्यार्थ्यांचेच नऊ गुण झाले. उरलेल्या पाचांत तीन जवान बसवायचे, म्हणजे उदाहरणार्थ १.०, १.५ आणि २.५. याचा अर्थ असा की, ज्यांची दुखापत सर्वांत गंभीर आहे तेच संघात अपरिहार्य ठरतात, आणि सर्वांत सुदृढ खेळाडू संघाला सर्वांत महाग पडतो. माझ्या संघाचा कर्णधार, जो एरवी सामन्यात निम्मे गुण मिळवतो, त्याला पहिल्या रविवारी एका १.० गुणांच्या जवानाने खुर्ची आडवी लावून कोपऱ्यात असे रोखले की तो अर्धा डाव तेथून हललाच नाही. तो जवान चेंडूला फारसा हात लावत नव्हता. वाट अडवणे आणि आपल्या माणसासाठी वाट मोकळी करणे हे त्याचे काम होते, आणि ते किती बारकाईचे आहे हे माझ्या इतक्या वर्षांच्या शिकवण्यात मला कधी दिसले नव्हते. या खेळाची सुरुवातच दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेतील जखमी सैनिकांच्या रुग्णालयांतून झाली, तेव्हा तो दयेपोटी सोपा केलेला असेल अशी अपेक्षा कोणी धरू नये.

बैठकीच्या गादीबद्दलही तेथेच कळले. कमरेखाली संवेदना नसल्याने एकाच जागी दाब पडत राहिला तर जखम होते, ती लवकर भरत नाही, आणि कधी कधी महिनोन् महिने पालथे पडून राहावे लागते; म्हणून हे खेळाडू थोड्या थोड्या वेळाने हातांवर जोर देऊन शरीर उचलतात आणि त्यांची गादी ही खुर्चीइतकीच महत्त्वाची वस्तू असते. आवाहनाच्या कागदावर आम्ही 'जवानांसाठी मदत' असे मोघम लिहिण्याऐवजी गाद्या, चाकांचे टायर आणि खेळाच्या खुर्च्यांची दुरुस्ती असे केंद्राशी बोलून लिहिले. लोकांनी त्यावर प्रश्न विचारले, आणि विद्यार्थ्यांना उत्तरे देता आली.

जानेवारीच्या अखेरीस पुण्यात गुलियन-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराची साथ पसरली. सिंहगड रस्त्याच्या परिसरात रुग्ण वाढत होते, शंभरी ओलांडली होती, आणि दूषित पाण्याचा संशय व्यक्त होत होता. पालकांचे दूरध्वनी सुरू झाले. मी केंद्राला स्वतःहून कळवले की, आपल्याला तारीख पुढे ढकलावीशी वाटल्यास आमची हरकत नाही. त्यांनी पाणी आणि अन्न यांची व्यवस्था विचारली आणि येण्याचे कायम ठेवले. आम्ही खाद्यपदार्थांचे स्टॉल रद्द केले, सीलबंद बाटल्या आणल्या, आणि न्याहारीला केळी व बंद पाकिटातील बिस्किटे एवढेच ठेवले. स्टॉलच्या भाड्यातून मिळणारे वीस-पंचवीस हजार रुपये गेले. त्या आठवड्यात मला नीट झोप लागली नाही, हे मात्र खरे.

२ फेब्रुवारीला सकाळी सात वाजता महाविद्यालयीन संघांचे उपान्त्य सामने सुरू झाले आणि पावणेनऊला मिश्र संघांचा सामना. आठ-आठ मिनिटांचे चार डाव ठेवले होते. कडेला छत, पाण्याचे फवारे मारायच्या बाटल्या, एक भौतिकोपचारतज्ज्ञ आणि रुग्णवाहिका होती. पहिला डाव संपेपर्यंत प्रेक्षक प्रत्येक पासला टाळ्या वाजवत होते, आणि ते ऐकायला बरे वाटत नव्हते. दुसऱ्या डावात एका जवानाची खुर्ची धडकेने उलटली. मैदानभर शांतता पसरली, दोन स्वयंसेवक धावले, आणि तो पट्टा न सोडता हातावर जोर देऊन स्वतःच उठून बसला व पंचांशी फाऊलवरून हुज्जत घालू लागला. त्यानंतर लोक सामना पाहू लागले. चुकलेल्या फेकीवर हळहळ, पंचांवर आरडाओरडा, हे सारे रीतसर झाले. आमच्या एका मुलीने शेवटच्या डावात सलग दोन बास्केट केले आणि लगेच तिसऱ्या वेळी उठल्याबद्दल तिला शिक्षा झाली. तिच्या संघातील जवान तिला म्हणाले, "बस की गं खाली!" ती स्वतःच सर्वांत मोठ्याने हसली.

भाषणे दोनच झाली आणि दहा मिनिटांत आटोपली. छायाचित्रांसाठी प्रत्येक जवानाची लेखी संमती आधी घेतली होती. दोघांनी नकार दिला होता, म्हणून त्यांच्या हाताला वेगळ्या रंगाची पट्टी बांधली आणि छायाचित्रकाराला ती दाखवून ठेवली. ही युक्ती सोपी आहे आणि अवघड संवाद टाळते. साडेदहाच्या आत सर्व पाहुणे आपापल्या वाहनांकडे निघाले होते. काही जण तीनचाकी केलेल्या स्कूटरवरून स्वतः चालवत आले होते, आणि त्या स्कूटरभोवती मुलांची गर्दी बराच वेळ हटली नाही.

हिशेब असा. बारा संघांचे प्रत्येकी दोन हजार आणि माजी विद्यार्थ्यांनी स्पर्धेच्या खर्चासाठी दिलेली रक्कम मिळून महाविद्यालयाकडे पंच्याऐंशी हजारांच्या आसपास आले. मैदान, रुग्णवाहिका, छत, पाणी, पंच आणि छपाई यांवर सत्तर हजारांच्या वर गेले. उरलेल्या रकमेचा धनादेश मार्चमध्ये ठरावासह दिला. देणगीदारांनी थेट भरलेली रक्कम साडेतीन लाखांच्या आसपास असल्याचे केंद्राच्या कार्यालयाशी यादी ताडून कळले. ताडण्याचे हे काम किचकट निघाले, कारण पैसे भरताना शेरा लिहायला बहुतेक जण विसरले होते. तुम्ही करणार असाल तर भरण्याची पावती त्याच दिवशी एका अर्जात जोडून घ्या.

देणगीदारांचे दूरध्वनी एप्रिलपासून येऊ लागले : प्रमाणपत्र कधी? देणगी घेणारी संस्था आर्थिक वर्षातील देणग्यांचे विवरण, म्हणजे अर्ज १०-बीडी, ३१ मेपर्यंत भरते आणि त्यानंतर १०-बीई हे प्रमाणपत्र निघते. साधी पावती त्याची जागा घेत नाही. हे आम्ही कागदावर छापले होते, तरी पुन्हा पुन्हा सांगावे लागले. ज्यांचा पॅन चुकीचा लिहिला गेला होता अशा चौघांसाठी दुरुस्तीची विनंती करावी लागली आणि जून संपता संपता तो विषय मिटला. २०२५ मध्ये प्राप्तिकर विवरणपत्राची मुदत सप्टेंबरच्या मध्यापर्यंत वाढली असल्याने कोणाचे नुकसान झाले नाही.

सहा विद्यार्थ्यांपैकी चार जण अजून रविवारी खडकीला खेळायला जातात. जवानांना सरावासाठी समोर दुसरा संघ लागतो आणि विद्यार्थी त्यासाठी पुरेसे सुधारले आहेत, असे हवालदारसाहेबांचे मत आहे. माझे मत अजून तसे नाही. पुढच्या स्पर्धेसाठी २०२६ च्या जानेवारीतील दोन रविवार सुचवणारे पत्र आम्ही याच आठवड्यात पाठवले असून, त्यात रकमेचा आकडा या वेळीही घातलेला नाही. मैदानाच्या पश्चिमेकडील दोन भेगा पावसात पुन्हा उघडल्या आहेत. त्या भरण्याचे काम दिवाळीनंतर घ्यायचे आहे.